शब्दचर्चा : 'बेराखा' म्हणजे आशीर्वाद की भेट?

प्रश्न : बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात याकोब एसावाला 'माझी भेट घे' म्हणतो. मूळ हिब्रूत तिथे 'बेराखा' आहे असं कळलं. बेराखा म्हणजे आशीर्वाद ना? धाकटा भाऊ थोरल्याला आशीर्वाद कसा देईल? मराठीत इथे कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : शब्द बेराखाच आहे, आणि तो तिथे मुद्दाम घातलेला आहे असं माझं ठाम मत आहे. ही भेट जनावरांची आहे, आणि आधी याकोब तिलाच 'मिन्हा' म्हणतो. मिन्हा म्हणजे आपला नजराणा, मोठ्यापुढे ठेवायचा. २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडण्या, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. सांडण्यांची पिल्लं सोडून ५५० जनावरं त्याने कळप-कळप करून, मध्ये अंतर ठेवून पुढे धाडली, कारण एसाव ४०० माणसं घेऊन येतोय ही बातमी लागली होती. ३३:१०पर्यंत शब्द मिन्हाच आहे. पुढच्याच ओवीत तो बदलतो : 'काह ना एत बिरखाती', माझी बेराखा घे.

आता २७व्या अध्यायात जा. या दोघांचा बाप इसहाक, त्याची दृष्टी गेलेली. याकोब थोरल्याचे कपडे घालून, हातामानेला करडाची कातडी बांधून आशीर्वाद घेऊन जातो. एसाव शिकारीहून परत येतो आणि टाहो फोडतो. त्याचं गाऱ्हाणं हिब्रूत असं आहे : 'एत बेखोराती लाकाह, वेहिन्ने अत्ता लाकाह बिरखाती.' माझं थोरलेपण घेतलं, आणि आता बघा, माझा आशीर्वादही घेतला. बेखोरा आणि बेराखा यांत अक्षरं तीच, फक्त मधल्या दोघांनी जागा बदललेली. क्रियापदही बघा : तिथे 'लाकाह', घेतलं, वीस वर्षांनी याकोबाच्या तोंडी त्याच धातूचं 'काह', घे. जे लुबाडलं तेच तो परत देऊ पाहतोय, त्याच शब्दांत. मराठीत एकीकडे 'आशीर्वाद' आणि दुसरीकडे 'भेट' लिहिलं की हा धागा तुटतो. त्या अध्यायातली माझी सगळ्यात जिवाभावाची ओळ अशी निसटून जाते.

म्हणून दोन्हीकडे 'आशीर्वाद'च ठेवावा असं मला वाटतं. धाकट्याने थोरल्याला आशीर्वाद द्यावा हे आपल्या कानाला खटकतं, पण खटकू द्यावं. वाचक तिथे थांबेल आणि मागे जाऊन बघेल.

एक अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडे आशीर्वाद फार सहज मिळतो. वाकून नमस्कार केला की 'औक्षवंत हो'. चार भावंडं वाकली तर चौघांनाही. त्यामुळे एसाव 'बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद आहे का?' म्हणून रडतो तेव्हा मराठी वाचकाला प्रश्न पडतो की म्हाताऱ्याने दुसरा का दिला नाही. इथे मनात 'वर' हा शब्द ठेवावा. दशरथाने कैकेयीला दिलेला वर जसा मागे घेता आला नाही, तसाच इसहाकाचा उच्चार. फसवणूक कळल्यावर तो थरथर कापतो, पण 'त्याला आशीर्वाद दिलाय, आणि तो लाभेलच' असं म्हणतो. शब्द देवासमोर गेला, आता तो बापाच्याही हाती उरला नाही, ही ती श्रद्धा. 'वर' भाषांतरात घालू नये, कारण वर मागितला जातो आणि तो देणारा बहुधा देव किंवा ऋषी असतो. पण वजन त्याचंच आहे.

पुरवणी प्रश्न : 'बेखोरा'ला 'ज्येष्ठत्वाचा हक्क' बरोबर का? आणि याकोबाची पहिली बायको लेआ, तिला देवाने 'द्वेषलेली' पाहिलं, हे फार कठोर नाही वाटत?

उत्तर : ज्येष्ठत्व चालेल, पण 'वडीलपण' मला जास्त आवडतं. आपल्या पाटिलकी-देशमुखीच्या वतनांत थोरल्या नि धाकट्या पातीचे तंटे वडीलपणावरूनच होत. त्यात वाटाही होता आणि मानही. बेखोरातही दोन्ही आहे. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातली २१:१७ ही ओवी थोरल्याला दुप्पट वाटा देते. एसावाने तो मसुरीच्या कालवणावर विकला, आणि त्या कालवणाचं नावही घेतलं नाही : 'हाआदोम, हाआदोम हाझ्झे', ते तांबडं, हे तांबडं. पुढे क्रियापदं धडाधड येतात : खाल्लं, प्याला, उठला, गेला.

लेआसाठी मूळ शब्द 'सेनुआ', शब्दशः द्वेषलेली. पण आधीच्याच ओवीत म्हटलंय की याकोबाचं दुसऱ्या बायकोवर, राहेलीवर, लेआपेक्षा जास्त प्रेम होतं. म्हणजे द्वेष नव्हे, उणं प्रेम. त्याला आपला 'नावडती' इतका चपखल बसतो की दुसरा शोधूच नये. नावडतीचं मीठ अळणी हे आपण किती पिढ्या म्हणतोय.

हे मीठ तिच्या मुलांच्या नावांत उतरलंय. रऊबेन झाला तेव्हा ती म्हणाली, आता नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोनाच्या वेळी, मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकलं. लेवीच्या वेळी, आता तरी नवरा मला जडेल. चौथ्याच्या वेळी तिच्या तोंडी नवरा नाहीच : 'या खेपेला मी परमेश्वराचं स्तवन करीन.' त्या स्तवनावरून मुलाचं नाव यहूदा, आणि यहूदावरून 'यहुदी'.