टाईप-सी आहे, मग टीव्हीवर चित्र काऊन नाही?

ए-१०४, सचिव: सोसायटीच्या रविवारच्या सोलर मीटिंगसाठी हॉलच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून पाहिला. बर्डीच्या बाजारातून टाईप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर आणला, पण 'नो सिग्नल'च येऊन राहिलं. कन्व्हर्टर खराब दिसते. उद्या परत करतो.

सी-३०२: काका, थांबा. लॅपटॉपच्या त्या पोर्टजवळ काय छापलं आहे? 'डी'च्या पोटात 'पी' किंवा विजेचं चिन्ह?

ए-१०४, सचिव: नाही. नुसता यूएसबीचा त्रिशूळ आहे.

सी-३०२: मग कन्व्हर्टर बहुतेक चांगला आहे. टाईप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव. आत २४ पिना असतात, पण त्यातून काय सोडायचं ते लॅपटॉपची कंपनी ठरवते. चित्र बाहेर यायला पोर्टमध्ये 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड' लागतो, म्हणजे त्याच तोंडातून चित्र पाठवायची सोय. मॉडेल नंबर पाठवा, मी बघते. तोवर बाजूला एचडीएमआय पोर्ट असेल तर साधी केबल लावा.

ए-००२: आमच्या जुन्या मॉनिटरच्या व्हीजीए केबलचं बरं होतं. स्क्रू आवळले की चित्र हजर.

सी-३०२: खरं आहे आजोबा. १९८७ चं ते, आणि चित्राशिवाय दुसरं कामच नव्हतं त्याला. तेव्हा कीबोर्डला जांभळं गोल तोंड, माऊसला हिरवं, प्रिंटरला हातभर रुंद. ही गर्दी कमी करायला १९९६ मध्ये यूएसबी आलं. ते घडवणाऱ्यांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट होते, इंटेलमध्ये. एकच तोंड करणं चांगलंच झालं. पण आत काय आहे ते पोर्टवर आणि केबलवर ठळक छापत नाहीत, याचा मला फार राग येतो. लोकांचे पैसे जातात.

बी-२०१: माझ्या एसएसडीवरून, म्हणजे त्या बाहेरून जोडायच्या डिस्कवरून, लग्नाचे व्हिडिओ घ्यायला अख्खी रात्र गेली गं. मोबाईलचीच केबल लावली होती.

सी-३०२: काकू, ती बहुतेक यूएसबी २.० ची असेल, सेकंदाला ४८० मेगाबिट. चार्जिंगपुरती. ५ गिगाबिटवाली घ्या. पोर्टही तेवढा असला तर कितीतरी लवकर होईल.

डी-४०३: आणि माझा १०० वॅटचा चार्जर लॅपटॉपला हळू काऊन चार्ज करते, ताई?

सी-३०२: केबल पाहा. साधी टाईप-सी ६० वॅटपर्यंतच नेते. त्यावरच्या केबलमध्ये चिप असते, ती चार्जरला सांगते की मी एवढा करंट सोसते.

ए-१०४, सचिव: एचडीएमआय लावली, चित्र आलं! आवाज मात्र लॅपटॉपमधूनच येते.

सी-३०२: साउंड सेटिंगमध्ये टीव्ही निवडा काका. त्याच केबलमधून आवाजही जातो.

ए-१०४, सचिव: आला.