अनुभव धागा: इंग्लंडच्या खेड्यातला व्हेगन पब

लंडनमध्ये व्हेगन पबचं नवल उरलेलं नाही. होमर्टनचा स्प्रेड ईगल तर २०१८ सालीच पूर्ण व्हेगन झाला. पण खिडकीतून मेंढ्या दिसतात अशा गावात, गावचा एकुलता एक पब मांस-मासे-दूध-अंडी-मधाशिवाय चालतोय, हे मी पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागात पाहिलं आणि चाट पडलो. मशरूमची 'पाय' खाल्ली, म्हणजे पिठाच्या पापुद्र्याखाली भाजलेला रस्सा. वरचा पापुद्रा झकास, आतला रस्सा पिठाळ. तुम्ही असं कुठे जेवलात का? नुसतं 'छान होतं' नको. काय मागवलंत, काय आलं, शेजारच्या टेबलावर कोण होतं, ते लिहा. मालकांना उगाच त्रास नको म्हणून पबांची नावं टाळूया.

लीड्सहून:
आई-बाबा सांगलीहून आले होते. बाबा पक्के शाकाहारी, त्यामुळे पबात त्यांच्या वाट्याला चिप्स. आमच्या यॉर्कशरात बऱ्याच ठिकाणी चिप्स गाईच्या चरबीत तळतात, म्हणजे त्याही गेल्या. व्हेगन पबात बाबांनी चष्मा लावून मेनू वरपासून खालपर्यंत वाचला. "यातलं काहीही चालेल?" हो म्हटल्यावर मात्र त्यांना काही ठरवता येईना!

आईला 'फिश अँड चिप्स' दिसलं. "अगं, मासा लिहिलाय की!" आत होतं केळफूल. डब्यातलं, खारवलेलं, माशाचा वास यावा म्हणून समुद्री शेवाळाची पट्टी गुंडाळलेलं आणि बिअरच्या पिठात बुडवून तळलेलं. आईने काट्याने कवच उचकटलं, पाकळ्या सुट्या केल्या आणि विचारलं, "प्रत्येक फुलातला काळा दांडा काढलाय का यांनी? ताकात भिजवलं होतं का?" ताक या पबात कुठून येणार! पण तुरट अजिबात लागलं नाही, दोघींनी मिळून संपवलं. बाबांनी शेवटी दही मागितलं. बारवरच्या मुलीने कौतुकाने नारळाचं दही आणून दिलं. बाबांनी एक चमचा खाल्ला आणि वाटी आईकडे सरकवली. चहा ओटच्या दुधाचा होता, त्याबद्दल गाडीत घरी पोचेपर्यंत ऐकलं.

एक्सेटरहून:
शिकत असताना मी डेव्हनमधल्या एका व्हेगन पबात शनिवार-रविवार काम करायचो. तिथे खरी डोकेदुखी बिअरची. पिंपातली 'एल' (बिअरचाच एक प्रकार) निवळावी म्हणून तिच्यात पूर्वापार आयसिंग्लास घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. ते न घालता केलेली एल बहुधा गढूळ दिसते. गावातले म्हातारे ग्लास उजेडासमोर धरायचे, मग माझ्याकडे बघायचे, जणू मीच त्यात काहीतरी कालवलंय. गिनेस या नामांकित आयरिश बिअरवाल्यांनीसुद्धा काही वर्षांपूर्वी आयसिंग्लास सोडलं, हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगत असे.

वूस्टरशर सॉसात अँकोव्ही मासे असतात, म्हणून तोही बाद. आणि अंड्याशिवाय यॉर्कशर पुडिंग (गोड नव्हे, जेवणासोबतची भट्टीत फुगणारी वाटी) फुगवणं हा निव्वळ नशिबाचा खेळ. बेसन घालून केलेलं निम्म्या वेळा बसायचंच.

रत्नागिरीकर, सध्या ब्रिस्टल:
फणसाचा बर्गर, तेरा पौंड. आमच्या परसात कुयऱ्या (कोवळे फणस) पडून कुजतात हो! त्यातही बार्बेक्यू सॉस इतका, की आत कुयरी आहे की पुठ्ठा, कळायला मार्ग नाही.

सॉमरसेटहून:
माझ्या सासऱ्यांचा गाईंचा गोठा आहे. गावचा पब बंद पडणार अशी चर्चा होती, तेवढ्यात एका जोडप्याने तो घेतला आणि व्हेगन केला. सासरे पेटलेच. सुपरमार्केट दुधाला देतं त्या भावावर ते आधीच चिडलेले, त्यात गावच्याच पबात दुधाला बंदी! महिनाभर तिकडे फिरकले नाहीत. पण इथे पब बंद पडला की माणसं भेटायचीच थांबतात, ते त्यांनाही ठाऊक. आता दर गुरुवारी घरून मटण खाऊन निघतात, तिथे फक्त सायडर (सफरचंदाची दारू) पितात आणि क्विझ खेळतात. मला मात्र तिथलं बीट वेलिंग्टन (पापुद्र्यात गुंडाळून भाजलेलं बीट) मनापासून आवडतं. त्यांच्यासमोर मागवत नाही, एवढंच.

रेडिंगहून:
माझ्या मुलीला दुधाची ॲलर्जी आहे म्हणून लिहिते. 'व्हेगन' लिहिलं म्हणजे दुधाचा अंशही नाही, अशी हमी धरू नका. ॲलर्जीच्या चौदा घटकांची माहिती देणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, ती वेगळी मागून घ्या. पूर्ण व्हेगन स्वयंपाकघरात धोका कमी, पण चॉकलेट वगैरे बाहेरून येतंच.

केंडलहून:
१९४४ साली व्हेगन सोसायटी स्थापणाऱ्यांपैकी डोनाल्ड वॉटसन आमच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, केझिकला राहत. २००५ साली ते तिथेच वारले. म्हणजे हे खूळ फक्त शहरी पोरांचं, असं म्हणायला जागा नाही. बाकी जाणाऱ्यांसाठी: खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर बरेचदा अडीचला बंद होतं आणि सहाला उघडतं, ते आधी फोन करून विचारा. रविवारी टेबल राखून ठेवा. ऑर्डर बारवर जाऊन द्यायची. आम्ही अर्धा तास वेटरची वाट बघणारं एक पुणेरी कुटुंब पाहिलंय.

धागाकर्ता:
सॉमरसेटवाल्या ताई, क्विझ जिंकतं कोण?

सॉमरसेटहून:
प्रश्न मालकच काढतो. मागच्या गुरुवारी शेतीवर एकही नव्हता, सासरे बारवर तक्रार नोंदवून आलेत.