पाम स्प्रिंग्जमधील भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचे घर घ्यावे का?

प्रश्नकर्ता : अर्वाइनवासी
सर्वांना नमस्कार. माझे वय ५८ असून पत्नी ५२ वर्षांची आहे. कॅलिफोर्नियातील अर्वाइनमधील आमचे जुने घर विकून त्याच राज्याच्या वाळवंटी कोचेला खोऱ्यात कायमचे राहायला जाण्याचा आमचा विचार आहे. तिथल्या पाम स्प्रिंग्ज शहरात जवळजवळ सारखीच दोन घरे पाहिली, परंतु त्यांपैकी एकाची किंमत बरीच कमी आहे, कारण त्याखालची जमीन भाडेपट्ट्याची आहे. हा व्यवहार कितपत सुरक्षित आहे? तसेच, पत्नीचे वय पाहता ५५ वर्षांवरील लोकांच्या वसाहतीत आम्हाला घर घेता येईल का?

उत्तर : वाळवंटातला शेजारी
एकोणिसाव्या शतकात सरकारने येथील एक-एक चौरस मैलाचे विषम क्रमांकाचे तुकडे रेल्वेला दिले आणि सम क्रमांकाचे अनेक तुकडे आग्वा कालिएन्ते काहुइया या आदिवासी जमातीसाठी राखले. त्यामुळे शहराचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. या जमिनी ९९ वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने देण्याची मुभा १९५९ मध्ये मिळाली. म्हणजे आपण घर विकत घेता आणि जमिनीची केवळ उरलेली वर्षे घेता. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या पट्ट्यावरचे घर ज्यांनी घेतले आहे, त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. मात्र येथे जमिनीचे भाडे चालू राहते आणि अनेक करारांत ते ठरावीक काळाने वाढते, म्हणून मूळ करार वाचल्याशिवाय बयाणा देऊ नये. कर्जाची मुदत संपल्यावरही पट्ट्याची किमान ५ वर्षे उरावीत, अशी फॅनी मेची (बँकांकडून गृहकर्जे विकत घेणाऱ्या अमेरिकी संस्थेची) अट असते.

उत्तर : निवृत्त लेखापाल
५५ वर्षांवरील वसाहतींना मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्याची संघराज्याच्या कायद्याने जी सूट आहे, तिच्यासाठी किमान ८० टक्के घरांत ५५ वर्षांची निदान एक व्यक्ती राहत असावी लागते. आपले वय पुरेसे असल्याने पत्नीचे ५२ वय सहसा आड येत नाही, तरीही वसाहतीचे स्वतःचे नियम अधिक कडक असू शकतात. मुले महिनोन्महिने येऊन राहणार असतील, तर पाहुण्यांची मुदतही विचारून घ्या.

आपण विचारलेले नाही, पण त्याहून मोलाची गोष्ट कराची आहे. प्रपोझिशन १९ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यामुळे १ एप्रिल २०२१ पासून ५५ वर्षांवरील मालकाला राहत्या घराचे जुने करमूल्य (ज्यावर मालमत्ता कर बसतो ती किंमत) कॅलिफोर्नियातील कोणत्याही काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नेता येते. त्यासाठी नवे घर २ वर्षांच्या आत घेऊन त्यात स्वतः राहावे लागते, आणि ते अधिक महाग असेल तर फरकाची भर पडते. अर्वाइनचे घर आपण बऱ्याच वर्षांपूर्वी घेतले असेल आणि त्याचे करमूल्य कमी असेल, तर आपली बचत मोठी असेल.

उत्तर : ला किंता
आम्ही मार्चमध्ये, हवा सुखद असताना, घर पाहून भाळलो. पुढच्या ऑगस्टमध्ये विजेचे बिल आले तेव्हा शुद्धीवर आलो! ५ जुलै २०२४ रोजी पाम स्प्रिंग्जचे तापमान १२४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ५१ अंश सेल्सियस होते. म्हणून विक्रेत्याकडून उन्हाळ्याची बिले मागा, घर जुलैत एकदा दुपारी पाहा, आणि गोल्फ क्लबाचे सदस्यत्व बंधनकारक आहे का तेही विचारा. आम्ही दोघेही गोल्फ खेळत नाही, तरी त्याचे पैसे भरतो.

प्रश्नकर्ता : अर्वाइनवासी
मनःपूर्वक आभार. करार पाहिला, तर पट्ट्याची ३१ वर्षे उरली आहेत. आम्ही मात्र रोखीनेच घेणार आहोत.

उत्तर : वाळवंटातला शेजारी
आपल्याला कर्ज नको असले, तरी आपल्याकडून घेणाऱ्याला ते हवे असेल. आज त्या घरावर ३० वर्षांचे कर्ज बसत नाही, १५ वर्षांचे बसते. आणखी १५ वर्षांनी आपण विकायला काढाल तेव्हा पट्ट्याची १६ वर्षे उरलेली असतील आणि बहुधा रोखीने घेणारेच येतील. जमीनमालकाकडून मुदतवाढ आजच लेखी मिळत असेल, तरच त्या कमी किमतीला अर्थ आहे.