ग्रीन कार्डाची रांग, नोकरी आणि ‘आपण कुठले?’ : तुमचे अनुभव लिहा

२०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा सुट्टीला भारतात गेलेली आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं मिळेल त्या विमानानं परत निघाली. आधीच व्हिसा असलेल्यांना ते लागू नाही, हा खुलासा नंतर आला. धोरण बरं की वाईट यावर वाद पुष्कळ होतात. इथे स्वतःवर काय बेतलं तेवढंच लिहूया. सुरुवात मी करते.

माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव लागलं ती तारीख, २०१४ ची. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्के. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते सांगणारं सरकारी पत्रक) उघडायचं, तारीख किती दिवसांनी सरकली ते बघायचं. मुलगी चार वर्षांची असताना आलो, आता ती १९ ची आहे. २१ पूर्ण होईपर्यंत आमची तारीख लागली नाही तर ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल. मराठी बोलते, वाचता येत नाही. तिला ‘परत’ जा म्हणायचं तर कुठे?

*डॅलसजवळून*

२०२३ च्या जानेवारीत सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिनच होईना. ले-ऑफ. नवी नोकरी शोधायला ६० दिवस, नाहीतर देश सोडायचा. बायकोनं फ्रीजवरच्या कालनिर्णयात साठाव्या दिवसाला पेनानं गोल केला. पाणी प्यायला गेलं की तो गोल दिसायचा. मुलांनी काही विचारलं नाही, पण धाकट्यानं वाढदिवसाला कुणाला बोलवायचं ही यादी करणं आपणहून थांबवलं.

४३ व्या दिवशी ऑफर आली, पगार आधीपेक्षा २० हजार डॉलरनी कमी. घासाघीस केली नाही, करायची सोयच नव्हती. ‘हे लोक स्वस्तात राबतात’ असं इथले लोक म्हणतात, ते मला झोंबतं. हौस म्हणून कुणी कमी पगार घेत नाही. व्हिसा कंपनीच्या हातात ठेवला की माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि त्याच्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसाचाही पगार पडतो. दोघांचं नुकसान एकाच नियमानं होतं, हे मला मनापासून वाटतं.

*ओहायोहून, १९९९ पासून*

वरचं वाचून एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. २००९ मध्ये माझी केटी (‘नॉलेज ट्रान्सफर’, म्हणजे काम सोपवताना दिलं जाणारं शिक्षण) एका पन्नाशीतल्या अमेरिकन सहकाऱ्यानं घेतली. सहा आठवडे तो मला त्याचंच काम शिकवत होता. ते नीट पार पडलं तरच त्याला सेव्हरन्स, म्हणजे नोकरी जाताना मिळणारा पैसा, मिळणार होता. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा केला, स्वतःचा स्टेपलर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, तुला लागेल. तो स्टेपलर अजून माझ्याकडे आहे. मी काही चूक केली नव्हती. तरी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*एडिसन, न्यू जर्सी*

गेल्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट जमा केला. तो ‘रद्द’ होऊन परत आला, तो मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) आहे, पण भारतात मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. साताऱ्याकडची जमीन वारसानं येईल तेवढीच. हे कळल्यावर वडील फोनवर बराच वेळ बोललेच नाहीत.

*पुणे, मागच्या वर्षी परतलो*

रांगेत थांबायचा कंटाळा नाही, भीती वाटायला लागली म्हणून आलो. मुलगा जन्मानं अमेरिकन नागरिक. तिकडे त्याला इंडियन म्हणायचे, इथे वर्गात ‘अमेरिका’ हेच नाव पडलंय. परवा शाळेचा फॉर्म भरताना ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यापाशी तो पेन धरून बसून राहिला. मी मुद्दाम काही सुचवलं नाही. त्यानं ‘अमेरिकन’ लिहिलं. खाली मातृभाषेपुढे, ‘ठी’ची वेलांटी दोनदा खोडून, ‘मराठी’.