चुंबकाआधी टायर बघा
स्लॉट कार (ट्रॅकच्या खाचेतून धावणारी छोटी विजेची गाडी) घसरू नये म्हणून तिला जास्त ताकदीचं चुंबक लावायचा सल्ला दिला जातो, पण मला तो पटत नाही. चुंबकामुळे १:३२ (खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी) गाडी ट्रॅकमधल्या पोलादी पट्ट्यांना धरून राहते खरी, पण पकड सुटली की एकदम बाहेर फेकली जाते. लाकडी ट्रॅकवर पोलादाऐवजी तांब्याची टेप असेल तर चुंबकाचा उपयोगच नाही, तांब्याला ते चिकटत नाही.

आधी मागचे टायर रिमला नीट चिकटवा. मग बारीक सँडपेपरवर चाकं हळू फिरवा. जिथे घासलं गेलं नाही तिथे चकचकीत पट्टे दिसतील. पूर्ण रुंदी एकसारखी मॅट होईपर्यंत धीर धरा. खरा फरक इथेच पडतो! बॉडीचे स्क्रूही अर्धा फेरा सैल करा, बॉडी किंचित डुलली पाहिजे. वजनासाठी शिसं लावायचंच तर चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), अगदी खाली.