सोसायटी ग्रुप: १ आणि २ नोव्हेंबरला आपल्याकडे कोण काय पाळतं

रोहन, सी-४०१:
सर्वांना नमस्कार, ३१ ला संध्याकाळी ७ वाजता क्लबहाउसमध्ये पोरांची हॅलोवीन पार्टी आहे, भुताचे कपडे घालून पाठवा. आणि १ तारखेला आपल्या ख्रिश्चन शेजाऱ्यांना ग्रुपवर शुभेच्छा टाकायच्या आहेत, तो त्यांचा पितृपक्षासारखा दिवस असतो ना? नक्की काय लिहायचं ते कुणीतरी सांगा, चूक नको व्हायला

मेरीताई, ए-१०३:
रोहन, आधी विचारलंस हे फार बरं केलंस. दोन दिवस आहेत आणि दोन्ही वेगळे. १ ला सकल संतांचा सण, तो आनंदाचा, पांढरे कपडे घालून फादर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करतात, त्या दिवशी शुभेच्छा खुशाल दे. २ ला मृतांचा दिवस, तेव्हा आम्ही सिमेट्रीत असतो, त्या दिवशी हॅपी वगैरे नको, "तुमच्या माणसांची आठवण आहे" एवढं लिहिलंस तरी पोचतं.

मेरीताई, ए-१०३:
आणि संत म्हटलं की सगळ्यांना सेंट फ्रान्सिस झेवियर, सेंट अँथनी, मदर तेरेसा एवढेच आठवतात, पण त्या सगळ्यांना वर्षात आपापला दिवस मिळालेलाच आहे, गोव्याच्या सायबाचं, म्हणजे झेवियरचं, फेस्त (सण) ३ डिसेंबरला, आपल्या वसईच्या गोन्सालो गार्सियाचं फेब्रुवारीत, हा वसईत जन्मलेला माणूस १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर मारला गेला आणि १८६२ ला संत जाहीर झाला. १ नोव्हेंबर आहे तो सगळ्याच संतांचा, पण खास करून ज्यांना कॅलेंडरमध्ये जागाच नाही त्यांच्यासाठी. कुणी नाव लिहून ठेवलं नाही, कुणी चौकशी करून जाहीर केलं नाही, पण जे देवाजवळ पोचलेत असे सगळे. माझ्यासाठी वर्षातला सगळ्यात जवळचा सण हाच, नाताळपेक्षाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

रोहन, सी-४०१:
हे खरंच माहीत नव्हतं ताई. मग हॅलोवीन?

मेरीताई, ए-१०३:
हॅलो म्हणजे जुन्या इंग्रजीत पवित्र माणूस, संत. संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणून हॅलोवीन. पोरांनी मजा करू दे, माझी काही हरकत नाही, फक्त क्लबहाउसच्या पोस्टरवर क्रूसवाल्या कबरीतून हाडाचा हात बाहेर आलाय तेवढा काढ रे बाबा. दोन दिवसांनी मी माझ्या आईच्या तशाच कबरीवर फुलं ठेवायला जाणार आहे, जिन्यातून जाता येता ते बघवत नाही.

रोहन, सी-४०१:
आत्ता काढतो ताई. माफ करा, डोक्यातच आलं नाही

सुधीर सर, बी-२०२:
मेरीताईंनी सांगितलं ते कॅथलिक पद्धतीचं आहे, आमची थोडी वेगळी. आम्ही नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. ३१ ऑक्टोबर म्हटलं की आम्हा प्रोटेस्टंटांना आधी मार्टिन ल्यूथर आठवतो, आमची परंपरा त्याच्यापासून सुरू झाली. १५१७ मध्ये याच तारखेला त्याने पापक्षमेच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे आर्चबिशपकडे पाठवले, आणि जर्मनीतल्या विटेनबर्गच्या ज्या चर्चच्या दाराशी ती गोष्ट जोडली जाते त्या चर्चचं नावच सकल संतांचं चर्च. दुसऱ्या दिवशी सणाला तिथल्या शासकाने जमवलेले संतांचे अवशेष बघायला लोक जमायचे, बघितलं की पापाची शिक्षा इतकी वर्षं कमी असा हिशोब असायचा. तारीख म्हणून महत्त्वाची आहे ती.
म्हणून आमच्याकडे संतांच्या मूर्ती नाहीत, त्यांच्यासमोर मेणबत्ती नाही, नोव्हेना (ओळीने नऊ वेळा करायची प्रार्थना) नाही, त्यांच्याकडे मागणं नाही. पण याचा अर्थ आम्ही त्यांना मानत नाही असा कुणी घेऊ नये. मराठी बायबल उघडा, पौलाच्या पत्रांत "पवित्र जन" हा शब्द येतो, तो त्या त्या गावच्या मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) साध्या विश्वासणाऱ्यांना उद्देशून आहे, जिवंत माणसांना. इंग्रजीत तिथे जो शब्द आहे तोच तुमचा सेंट. त्यामुळे आमच्या दृष्टीने बी विंगमध्ये बसलेला माणूससुद्धा पवित्र जन, तसं वागावं ही जबाबदारी आली.

सुनंदाताई, ए-२०४:
किती छान सांगितलंत सर

सुधीर सर, बी-२०२:
आणि एक राहिलं, आमच्यातही एक पद्धत नाही. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, वळणाच्या मंडळ्यांनी हा सण कधी सोडलाच नाही, आणि मेथडिस्ट लोकांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वर्षभरात वारलेल्यांची नावं उपासनेत मोठ्याने वाचतात, काही ठिकाणी एकेका नावाला घंटेचा टोला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना १९७० साली नागपूरला झाली ती ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळ्या मंडळ्या तिथे एक झाल्या. आणि पंडिता रमाबाई! त्यांना कुठल्या पोपने संत जाहीर केलेलं नाही, पण चर्च ऑफ इंग्लंडच्या कॅलेंडरमध्ये ३० एप्रिल हा त्यांचा दिवस आहे. केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणणारी बाई, तिचं नाव लंडनच्या चर्चमध्ये घेतलं जातं, याचा मला मराठी माणूस म्हणून फार अभिमान आहे.

चित्रा, डी-१०१:
सर एक विचारू, राग मानू नका कुणी. मेरीताई माहीमच्या नोव्हेनाला जातात, तिथे मागतात ना? मग मागायचं की नाही यावर तुमचं एवढं का बिनसलं?

मेरीताई, ए-१०३:
राग कसला. आम्ही संतांची पूजा करत नाही गं, पूजा देवाचीच. संताला म्हणायचं, तू देवाजवळ आहेस, माझ्यासाठी शब्द टाक. तू आजारी असलीस की मला मेसेज करतेस ना ताई प्रार्थना करा, तसंच. मेलेला माणूस देवाजवळ जास्त जिवंत आहे असं आम्ही मानतो, मग त्याला का नाही सांगायचं?

सुधीर सर, बी-२०२:
आणि आमचं म्हणणं की मध्यस्थ एकच, ख्रिस्त. त्याच्याशी थेट बोलता येतं तर मधे कुणी कशाला. मेरीताई आणि मी यावर गेली ११ वर्षं लिफ्टमध्ये बोलतोय, दोघंही जागचे हललो नाही. 🙏

मेरीताई, ए-१०३:
खरंय. पण माझ्या ऑपरेशनच्या रात्री सर आणि वहिनी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून प्रार्थना करत होते हे मी विसरणार नाही.

ॲना आंटी, डी-३०४:
माझं मराठी सांभाळून घ्या. आम्ही मलंकारा ऑर्थोडॉक्स, केरळचे. आमचा तर २ नोव्हेंबर वेगळाच, त्या दिवशी परुमला तिरुमेनींची पेरुनाळ, म्हणजे मोठी जत्रा. ते आमचे बिशप, मार ग्रेगोरियोस, २ नोव्हेंबर १९०२ ला गेले, वय ५४, आणि १९४७ ला आमच्या चर्चने त्यांना संत जाहीर केलं, रोममधून नाही, आमचं आमचं. पंपा नदीच्या काठी परुमलाला त्यांची कबर आहे, लोक कुठून कुठून चालत येतात. माझे सासरे दरवर्षी घरातून चालत जायचे, दोन दिवस, पायाला फोड, हातात मेणबत्त्यांचं पुडकं आणि तोंडाने सारखी प्रार्थना, पोचले की कबरीला हात लावून नुसते उभे राहायचे, काही मागायचे नाहीत. मी एकदा विचारलं काय बोललात, म्हणाले आलोय एवढंच सांगितलं.

सुनंदाताई, ए-२०४:
अगदी वारी! आमचे आजोबा पंढरपूरहून आल्यावर हेच म्हणायचे, भेटलो

ॲना आंटी, डी-३०४:
हो ना! मिरवणुकीत रंगीत रेशमी छत्र्या असतात, पुढे क्रूस, आणि नंतर सगळ्यांना जेवण. आणि सकल संतांचा दिवस सगळीकडे १ नोव्हेंबरलाच असतो असं नाही हं, माझी भावजय सिरो-मलबार कॅथलिक आहे, म्हणजे रोमबरोबरच, तरी त्यांच्या जुन्या सुरियानी कॅलेंडरमध्ये तो ईस्टरनंतरच्या शुक्रवारी. ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स लोक पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशीचा सण) पहिल्या रविवारी करतात, आणि रशियन तर त्याच्या पुढच्या रविवारी आपल्या देशातल्या संतांचा वेगळा करतात. ईस्टर पुढेमागे होतो म्हणून त्यांची तारीख दरवर्षी बदलते.

चित्रा, डी-१०१:
मग १ नोव्हेंबर आला कुठून?

मेरीताई, ए-१०३:
रोमहून. आधी तिथेही मे महिन्यात होता, १३ मे, पँथिऑन नावाचं जुनं रोमन देऊळ सातव्या शतकात मरियेच्या आणि हुतात्म्यांच्या नावाने चर्च केलं तेव्हापासून. मग आठव्या नवव्या शतकात १ नोव्हेंबर रुळला. २ तारखेचं श्रेय फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतींना, १००० सालाच्या आसपास त्यांनी आपल्या मठांत सुरू केलं. आणि पहिल्या महायुद्धात एवढी माणसं मेली की पोपनी १९१५ मध्ये प्रत्येक फादरला त्या दिवशी तीन मिस्सा करायची परवानगी दिली, ती आजही आहे.

लता काकू, सी-२०२:
आमचा नितीन म्युनिकला आहे, तो म्हणतो तिकडे १ ला सुट्टी, आणि बव्हेरियात तो शांततेचा दिवस धरतात, नाचगाण्याच्या कार्यक्रमांना बंदी. त्याचा मित्र लाइपझिगला, तिकडे सुट्टी ३१ ला, ल्यूथरची, १ ला ऑफिस चालू! एकाच देशात. तो पहिल्या वर्षी रात्री सिमेट्रीवरून सायकलने जात होता, आत सगळीकडे लाल काचेतले दिवे, त्याने मला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला आई बघ, दिवाळी. मी म्हटलं अरे हळू बोल

सेक्रेटरी काका, ए-००२:
चर्चा उत्तम चालली आहे. २ तारखेला सिमेट्रीच्या रस्त्यावर दुपारपासून गाड्या असतात, ज्यांना स्टेशनला जायचंय त्यांनी मागच्या गेटने जावे. मेरीताई, तुम्हाला काही मदत?

मेरीताई, ए-१०३:
मदत म्हणजे काका, आदल्या दिवशी कबर साफ करायला एक माणूस हवा, गुडघे वाकत नाहीत आता. पावसाळ्यानंतर शेवाळ धरतं, नारळाच्या काथ्याने घासावं लागतं, मग दोन बादल्या पाणी. झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस मी बसून करते, त्याला अर्धा तास लागतो कारण वारा असतो, ओलं फडकं फिरवलं की पाकळ्या चिकटून राहतात, हे आईनेच शिकवलं. मेणबत्त्या वाळूत खोचायच्या, नाहीतर मेण दगडावर पसरतं आणि वर्षभर निघत नाही. मग फादर येतात, पवित्र पाणी शिंपडत एकेका रांगेतून जातात, आणि आपल्या कबरीपाशी आले की का कोण जाणे, सगळे एकदम सरळ उभे राहतात.
बाबांची कबर आता नाही, जागा कमी म्हणून काही वर्षांनी उघडतात, त्यांच्या अस्थी भिंतीतल्या कप्प्यात आहेत. तिथे एक मेणबत्ती.

सुधीर सर, बी-२०२:
मी येतो ताई, सकाळी ८ ला. काथ्या आमच्याकडे आहे.

ॲना आंटी, डी-३०४:
बादली माझी

मेरीताई, ए-१०३:
देव भलं करो तुमचं. आणि अजून एक, चर्चमध्ये नोव्हेंबरभर मृतांच्या नावांची पाकिटं वेदीजवळ ठेवतात, महिनाभर मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. कुणाला नाव द्यायचं असेल तर सांगा.

सुनंदाताई, ए-२०४:
ताई, आम्ही हिंदू, चालेल का माहीत नाही. माझ्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षं लिली सांभाळायची, आठवते ना, मंगलोरकडची. करोनात गेली. तिचं कुणीच नव्हतं इथे, आम्हाला जाऊही दिलं नाही. तिचं नाव घालाल?

मेरीताई, ए-१०३:
आठवते म्हणजे काय, जिन्यात भेटली की आधी सासूबाईंचं सांगायची मग स्वतःचं. घालते. आडनाव?

सुनंदाताई, ए-२०४:
आडनाव आम्ही कधी विचारलंच नाही ताई. लिलीच म्हणायचो.

मेरीताई, ए-१०३:
लिली लिहिते. पाकीट संध्याकाळी ६ ला नेणार आहे, अजून कुणाचं असेल तर तोवर खाली वॉचमनकडे द्या.