प्रोडक्शन डेटाबेसचा ॲक्सेस डेव्हलपर पोरांना द्यायचा की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जळगावात आमची सहा जणांची टीम आहे. सावदा-रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १५, एकच सर्व्हर. डेटाबेस सांभाळणारा वेगळा माणूस (डीबीए) नाही, ते लोढणं माझ्याच गळ्यात.

गेल्या महिन्यात आमचा एक पोरगा एका शेतकऱ्याचा चुकलेला भाव थेट प्रोडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या चालू डेटावर, दुरुस्त करत होता. पीजीॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायचं टूल) माउसने जेवढं निवडाल तेवढंच चालतं. याची 'व्हेअर'ची ओळ (कोणत्या नोंदी बदलायच्या ते सांगणारी) निवडायची राहिली, ऑटोकमिट चालू, म्हणजे बदल लगेच पक्का. खाली 'अपडेट ३८४०' आलं, म्हणजे तेवढ्या ओळी बदलल्या, आणि पोरगा पांढराफटक. पाच मिनिटांत सावद्याहून मुनीमजींचा फोन, "भाऊ, आज सगळ्यांच्या केळीला एकच भाव?" जुने भाव रात्रीच्या डम्पमधून (बॅकअपमधून) परत आणले, त्या दिवशीचे पावत्या बघून हाताने भरले.

त्याला बोललो नाही. सगळे पूर्ण अधिकार असलेल्या एकाच सुपरयुजरने लॉगिन करायचे आणि पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला होता. (हसा, हसा.)

मग रागाच्या भरात सगळ्यांचा ॲक्सेस काढला. आता उलटंच झालंय. परवा धुळ्याला लग्नात, पंगतीत ताट वाढलेलं, आणि मी एका हाताने मोबाइलवर क्वेरी मारतोय. कारण बग शोधायला पोरांना डेटाच दिसत नाही.

डोक्यात आहे ते असं: रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत ताजी राहणारी प्रत) उभी करायची, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, फक्त वाचायची परवानगी. पोस्टग्रेस १४ पासून सगळा डेटा वाचू देणारा 'पीजी_रीड_ऑल_डेटा' रोल आयता मिळतो, पण त्यात शेतकऱ्यांचे बँक खाते नंबरही उघडे पडतात. ते कॉलम वगळून व्ह्यू (ठरावीक कॉलमच दाखवणारे आभासी टेबल) केले आणि तेवढ्यावरच सिलेक्ट (वाचायचा हक्क) दिलं तर पुरतं का? दुसरं, रेप्लिकावर मोठा रिपोर्ट लावला की अर्ध्या मिनिटाने क्वेरी रद्द होऊ शकते. 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' (रेप्लिकाला लागणाऱ्या जुन्या ओळी मुख्य सर्व्हरने साफ करू नयेत यासाठीची सेटिंग) चालू केलं तर मुख्य सर्व्हरवर मेलेल्या ओळी साचतील. तुम्ही काय करता?

आणि खरं अडलंय ते इथे: रात्री दहाला एखादी ओळ दुरुस्त करावीच लागली तर? तासाभराचं लॉगिन देऊन पाहिलं, पण 'व्हॅलिड अनटिल' (मुदतीची सेटिंग) फक्त पासवर्डला लागू होतं, आधीच उघडलेलं सेशन चालूच राहतं. लहान टीममध्ये कोण मंजुरी देतं, कोण चालवतं?

'डीबीए ठेवा' एवढं मात्र सांगू नका, परवडत नाही.